नखमास्तरांचा रंग धरेना

आमच्या नाटकमंडळीत पत्र्याचा एक मुकुट होता. मी राणी झाले की तो माझ्या डोक्यावर चढायचा, आणि तिसऱ्या अंकात मी विष पिऊन कोसळले की त्याचा सोनेरी रंग पापुद्र्यापापुद्र्याने माझ्या पापण्यांवर गळायचा. एका प्रयोगाला त्यातला एक पापुद्रा थेट नाकपुडीत गेला आणि मेलेल्या राणीला दणदणीत शिंक आली. थिएटर हसून लोळलं. मी विंगेत जाऊन ढसाढसा रडले आणि दुसऱ्या दिवशी मुकुट पिशवीत घालून रंगवाल्याचं दुकान शोधत निघाले.

अशी माझी आणि नखमास्तरांची ओळख झाली.

दुकान म्हणजे एक लांबट शेड. पुढच्या अंगाला लोखंडी कपाटं, फ्रीजची दारं, सायकलींचे सांगाडे. मागे मेणकापडाचा पडदा आणि पडद्याआड फवारणीची जागा. कॉम्प्रेसर सुरू झाला की माणसांनी गप्प बसायचं, कारण ओरडूनही काही ऐकू यायचं नाही. मास्तर तेव्हा तरणेबांड होते. उजव्या अंगठ्याचं नख तेवढं त्यांनी वाढवलेलं होतं. रंगवलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते कुठल्यातरी कोपऱ्यात ते नख रोवायचे आणि जोर लावून ओढायचे. रंगाचा टवका उडाला तर वस्तू परत आत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी आत. त्या नखावरून सगळी गल्ली त्यांना नखमास्तर म्हणायची. खरं नाव बहुधा वीजबिलावरच उरलं असावं.

त्यांनी मुकुट उलटासुलटा करून पाहिला.

"राणीसाहेब, ह्याला जन्मात कुणी आंघोळ घातलेली दिसत नाही."

"मुकुटाला आंघोळ?"

"मग? तुमच्या केसांचं तेल, कपाळाचा घाम, तोंडाला फासता ते मेण. त्याच्यावर कुणीतरी थेट सोनेरी रंग मारलाय. तेलकट अंगाला टिकली तरी चिकटते का?"

मग त्यांनी मला सगळं समजावलं, जसं काही मी उद्या शेजारी दुकानच थाटणार होते. आधी साबणाने धुवायचं. मग थिनरच्या फडक्याने पुसायचं. मग पॉलिश पेपरने घासायचं, कारण गुळगुळीत पत्र्यावर रंगाला पाय रोवायला जागाच नसते. डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक ओरखडे हवेत, पण हवेतच. गंज असेल तर तो मुळापासून काढायचा. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, मग रंगाचे पातळ हात, एकावर एक, मधे वाळायला वेळ देऊन. "आणि एकदा घासून पुसलं की पत्र्याला हात लावायचा नाही. कुणीच नाही. तुम्ही राणी असलात तरी नाही."

त्या मुकुटाचा रंग पुढे कधी गळला नाही. त्यानंतर मी मेले ती दरवेळी स्वच्छ मेले.

नाटकं थांबल्यावर मी त्या दुकानासमोरच्याच दोन खोल्यांत राहायला आले आणि संध्याकाळचा चहा दुकानाच्या दारातल्या खुर्चीत घ्यायचा, हा माझा नेम झाला. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तिथेच असायच्या. कपाटांच्या मुठी, कुलपं, बिजागऱ्या काढायच्या आणि रंग वाळला की पुन्हा बसवायच्या, हे काम त्यांचं. वहिनींच्या हातून एक स्क्रू कधी हरवला नाही, आणि नवऱ्याला टोमणा मारायची एक संधी कधी सुटली नाही. "अहो, कपाटाला जितका वेळ न्हाऊमाखू घालता तितका स्वतःला घातला असतात तर नवरदेव दिसला असतात," असं त्या स्क्रू फिरवता फिरवता म्हणायच्या. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "दिसलो होतो एकदा. त्याचंच फळ भोगतोय."

त्यांना एकच मुलगी. तिला ते खारूताई म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटे, झाडावरच्या खारीसारखी चपळ म्हणून. तशी ती चपळ होतीच, पण नावाचं कारण वेगळं होतं. ती चारेक वर्षांची असताना मास्तरांनी घासूनपुसून ठेवलेल्या एका कपाटाच्या दारावर हात टेकून उभी राहिली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. कपाट रंगलं, गेलं, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर गिऱ्हाईक भांडत परत आलं. दारावरच्या रंगाला फोड आले होते. मास्तरांनी तो रंग खरवडला, तर खाली चार इवलीशी बोटं, गंजाची.

काही माणसांच्या हाताचा घाम असा असतो म्हणे, की लागला त्या उघड्या पत्र्याला गंज चढतो. खारा हात म्हणतात त्याला. मास्तर त्या दिवशी आधी भडकले, मग त्या चार बोटांकडे बघून असे हसत सुटले की भांडायला आलेलं गिऱ्हाईकही हसलं. त्या दिवसापासून पोरीचं नाव खारूताई पडलं आणि तिला दुकानात शिरायची बंदी झाली. ती दाराच्या चौकटीत उभी राहून बापाशी बोलायची. मोठी झाली, बापापेक्षा उंच झाली, तरी चौकटीतच.

मोठेपणी ती आवाजाचं काम करू लागली. जुन्या ध्वनिफितींमधली खरखर काढायची, नाटकवाल्यांना पार्श्वसंगीत जुळवून द्यायची. माझ्या आवाजातले चार उतारेही तिने एकदा हौसेने रेकॉर्ड करून घेतले आणि मधे मधे मला आलेला खोकला इतका बेमालूम कापला, की ऐकताना मीच चाट पडले. हे सगळं ती करायची एका जुन्या कॉम्प्युटरवर. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला, जड पत्र्याचा उभा डबा. कधीकाळी पांढरा असावा. आता पिवळा पडला होता, जागोजाग टवके उडाले होते.

"बाबा, गावभरच्या कपाटांना रंग, आणि माझा डबा बघ. पिवळ्या दातांचा म्हातारा दिसतो."

"चालतोय ना? मग झालं."

"चालतोय म्हणून काय तसाच नागवा ठेवू? मोरपिशी दे ना. पण चकचकीत नको हं. मंद."

"देतो. पुढच्या आठवड्यात."

हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की दोघांचीही भूमिका मला पाठ होती. मास्तरांनी मोरपिशी रंग तयारही करून ठेवला होता. निळा आणि हिरवा, मधे थोडा काळा, तीनदा घोटून. डबा मागे पडत राहिला तो नुसत्या कामाच्या गर्दीत. गिऱ्हाईक दारात उभं राहतं, घरचं माणूस कुठे जाणार असतं?

शेवटी पोरीनेच मनावर घेतलं. एका दुपारी मी दुकानाला लागून असलेल्या त्यांच्या घरामागच्या बोळात गेले, तर ही फरशीवर मांडी घालून बसलेली, नाकाला रुमाल, मांडीवर डब्याचा बाजूचा पत्रा. दुकानातून ढापलेल्या पॉलिश पेपरने खसाखसा घासत होती.

"राणीआजी, बाबाला बोलू नका हं. मी घासून ठेवते. मग त्याला रंग मारावाच लागेल. कसा फसवला!"

तिचं घासणं म्हणजे आनंद होता. मधोमध इतकं घासलं की रंग जाऊन खालचा पत्रा चंदेरी उघडा पडला होता, आणि कडेला कागद लागलेलाही नव्हता. मी म्हटलं, अगं, सगळीकडे सारखं घास. ती म्हणाली, "उद्या. आज अंग मोडून आलंय." पत्रा तिने भिंतीला टेकवून ठेवला आणि आत जाऊन झोपली.

तो ताप उतरला नाही. गोळ्यांनी नाही, सलाइनने नाही. मग मूत्रपिंडांनी काम सोडलं असं डॉक्टर म्हणाले. मास्तर आणि वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसून असायचे आणि दरवेळी मला सांगायचे, "आज जरा बरं आहे." एका सकाळी ते दोघं रिक्षातून उतरले. तिच्या चपला तेवढ्या वहिनींच्या हातात होत्या. मी गॅलरीतून पाहिलं आणि खाली जायला मला जिना सापडेना.

पुढचे काही महिने दुकान उघडायचं आणि बंद व्हायचं, एवढंच. मग हळूहळू कॉम्प्रेसर वाजू लागला. एक दिवस वहिनी चहाच्या वेळी म्हणाल्या, "अहो, तिचा डबा तेवढा रंगवा. मागत होती."

मास्तर "हो" म्हणाले. बोळातला तो पत्रा आणि डबा उचलून पडद्याआड घेऊन गेले.

डबा छान रंगला. वरचं झाकण, पुढचा भाग, मागची चौकट, सगळं मोरपिशी, मंद, जसं हवं तसं. पण तो बाजूचा पत्रा काही होईना. वाळला की मधोमध फुगायचा, आणि नख लावायचीही गरज न पडता रंगाची सालपटं निघायची. मास्तर ते सगळं खरवडायचे आणि पुन्हा मारायचे. पुन्हा तेच. मी विचारलं तर म्हणाले थिनर भेसळीचं आलंय. पुढच्या वेळी म्हणाले हवा दमट आहे.

अशा गोष्टी गल्लीत लपत नाहीत. शेजारचा वेल्डर तोंडाचा फाटका, मनाने वाईट नाही. तो दारातून ओरडायचा, "काय मास्तर, पत्र्याला सापासारखी कात टाकायला शिकवलीत की काय?" एरवी मास्तर कधी उलट उत्तर द्यायला चुकायचे नाहीत. आता नुसते पडद्याआड जायचे. गिऱ्हाइकंही कुजबुजू लागली, की म्हाताऱ्याचा हात गेला. मलाही तेच वाटलं होतं. दुःखाने हात कापत असतील, नजर कमी झाली असेल.

एका संध्याकाळी वहिनी बाजारात गेल्या होत्या. चहा मीच करून नेला आणि पडदा बाजूला केला. मास्तर स्टुलावर बसले होते. समोर लाकडी घोडीवर तो पत्रा, त्याच्या मधोमध मोरपिशी रंगाचं मोठं सालपट लोंबत होतं.

"मास्तर, मी रंगातलं काही शिकले असेन तर तुमच्याकडूनच. हे तुमच्याकडून होणं शक्य नाही. काय आहे ते सांगा."

त्यांनी सालपट हळूच, पट्टी सोडवावी तसं ओढून काढलं आणि पत्रा उजेडाकडे वळवला.

मधोमध एक हात होता. गंजाचा. पाची बोटं पसरलेली, अंगठा जरा बाहेर, तळव्याची खोलगट जागा टेकली नव्हती म्हणून तिथे पत्रा अजून चंदेरी. पत्रा भिंतीला टेकवताना तिने पंजाने रेटला असणार.

मी चहा तसाच खाली ठेवला.

"पहिल्याच दिवशी दिसला," मास्तर म्हणाले. "घासायला पेपर हातात घेतला. म्हटलं करंगळीपासून सुरुवात करू, लहान आहे. नाही झालं हो."

"म्हणजे तुम्ही हा तसाच ठेवून..."

"कडेकडेने घासलं. पाळण्याखालचा केर काढावा तसं. आणि वरून रंग मारला. गंजावर रंग धरत नाही हे मला कुणी शिकवायला हवंय? तरी म्हटलं, एखादवेळेस धरेल. खाली ती राहील, वर तिचा रंग राहील." त्यांनी पत्रा जरा कलता केला. "पारदर्शक लॅकरसुद्धा मारून बघितलं. म्हटलं रंग नको, नुसता हात तरी राहू दे. त्यालाही फोड आले."

"मग काहीच न करता ठेवून द्या ना. घरात, कापडात गुंडाळून."

"गंज थांबत नाही, राणीसाहेब. आत आत खात जातो, बाजूला पसरत जातो. माझी पोर बोटांनी बारीक होती. आता बघा." त्यांनी स्वतःचा पंजा पत्र्यावर अधांतरी धरला, न टेकवता. "माझ्यासारखी व्हायला लागलीत."

 मी खाली ठेवलेला चहा उचलून त्यांच्या हातात दिला.

ही गोष्ट त्यांनी वहिनींपासून लपवली होती आणि मलाही लपवायला लावली. पण ते फार चाललं नाही. वेल्डरने चांगल्या मनाने घोळ घातला. वहिनींना गाठून म्हणाला, "वहिनी, मास्तरांना आता झेपत नाही. तो डबा मला द्या, माझ्या ओळखीच्याकडून रंगवून आणतो." वहिनी तशाच तरातरा दुकानात आल्या. मी खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अहो, लोकांच्या दारात जायची वेळ आणलीत? पोरीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली तुमच्याकडे. एक! आणि तुम्ही तीसुद्धा..."

असं म्हणत त्यांनी पडदा ओढला. मास्तरांनी घाईघाईने पत्र्यावर फडकं टाकलं. वहिनींनी ते उचललं.

 मग आतून मास्तरांचा आवाज आला, सवयीचा, वर्षानुवर्षांचा, "हात लावू नको!" मी उठून आत गेले. वहिनींनी आपला पंजा त्या पंजावर ठेवला होता. बोटावर बोट. मास्तरांच्या ओरडण्याने त्यांनी तो काढला नाही.

"हे असंच ठेवलं तर?" वहिनींनी विचारलं.

"पसरेल. नुसता डाग होईल. मग भोक पडेल."

"आणि घासलं तर रंग धरेल?"

"धरेल."

"मग इतके दिवस काय वाट बघत होतात?"

 वहिनींचा आवाज एकदम उतरला. "मला सांगायचं तरी, हो. एकट्यानं बघत बसलात." त्या खाली बसल्या, पदर खोचला. "पेपर द्या."

"तुला जमायचं नाही. जोर सारखा लागत नाही तुझा."

"तुमचा लागतोय का? दिसलंच की. द्या म्हणते ना."

मी निघत होते. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बसा. कुणीतरी बसा इथे."

पत्रा आडवा ठेवून, खाली बादली धरून त्यांनी पाण्यावर घासायला घेतलं. मास्तर मनगटाच्या बाजूने, वहिनी अंगठ्याच्या. पाणी टाकायचं, घासायचं, पुन्हा पाणी. विटकरी पाणी पत्र्यावरून ओघळून बादलीत पडत होतं. वहिनी मधेच बोलायच्या, कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "ह्या बोटाला दारात चिमटा बसला होता." थोड्या वेळाने, "हे बोट तोंडात घालून झोपायची. केवढी झाली तरी." मास्तर त्यावर एकदा "हो" म्हणाले, आणि एकदा म्हणाले, "ते नाही, त्याच्या शेजारचं." वहिनींनी विचार करून मान हलवली.

तळवा गेला. अंगठा गेला. बोटं एक एक करून फिकी होत गेली, आधी तांबूस, मग करडी, मग काहीच नाही. करंगळी उरली तेव्हा मास्तरांनी पेपर खाली ठेवला. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. करंगळी वहिनींनी एकट्यानंच घासली.

पत्रा चंदेरी झाला, आरशासारखा कोरा. मास्तर उठले, कोरड्या फडक्याने पाणी टिपलं, थिनरचं फडकं फिरवलं. "उघडा पत्रा थांबत नाही," ते म्हणाले, "लगेच मारायला हवं." आणि त्यांनी कॉम्प्रेसर सुरू केला. त्या आवाजात फवारणीच्या बंदुकीतून प्रायमरचा करडा फवारा निघाला आणि त्यांचा हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरळ रेषेत फिरू लागला. जराही कापत नव्हता.

वहिनी बादली उचलून बोळाकडे निघाल्या होत्या. गटाराच्या जाळीपाशी जाऊन थांबल्या. बादली कलती केली, पुन्हा सरळ केली. बोळभर सिमेंट होतं, कुठे मातीचा तुकडा नव्हता, झाड नव्हतं. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. कॉम्प्रेसरच्या आवाजात शब्द आले नाहीत, पण ओठ मला कळले: हे कुठे ओतू?

मी मान हलवली. मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी बादली जिन्याखाली नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मोरपिशी रंगाचे हात झाले, एकावर एक, पातळ. रंग धरला. उन्हात तापला, रात्री गारठला, फुगला नाही की सुटला नाही. वहिनींनी सगळे स्क्रू जागच्या जागी बसवले आणि डबा आतल्या खोलीत टेबलावर ठेवला. वेल्डर येऊन बघून गेला. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "मास्तर, रंग म्हणावा तर तुमचाच." मास्तरांनी त्याला चहा पाजला. गिऱ्हाइकं पुन्हा येऊ लागली. मास्तर पुन्हा वहिनींच्या टोमण्यांना उत्तरं देऊ लागले, पण जरा उशिरा. वहिनींना दोन स्क्रू फिरवून होईपर्यंत वाट बघावी लागे.

बादलीतलं पाणी जिन्याखाली हळूहळू आटत गेलं. तळाला पिठासारखा विटकरी थर राहिला. वहिनी झाडताना ती बादली उचलून बाजूला ठेवायच्या, झाडायच्या, पुन्हा तिथेच ठेवायच्या. धुतली कुणी नाही. एके दिवशी दुकानात पाणी भरायला बादली कमी पडली, तेव्हा मास्तर बाजारात गेले आणि नवी बादली घेऊन आले.